पुनर्वापराच्या रॉकेटचा अभ्यास: सुरुवात कुठून करावी?

स्वागत! उतरण्याचे व्हिडिओ थोडे दिवस बाजूला ठेवा. खरी कसोटी उतरल्यानंतर लागते: तेच रॉकेट पुन्हा किती लवकर उडतं?

१. आधी स्पेस शटल, म्हणजे नासाचं पुन्हा वापरता येणारं अंतराळयान, वाचा. बेत दोन आठवड्यांत पुन्हा उडण्याचा होता. सगळ्यात जलद जमलं ते १९८५ मध्ये अटलांटिस या शटलला, आणि तेव्हाही दोन उड्डाणांत ५४ दिवसांचं अंतर होतं. उष्णतारोधक फरशाच सुमारे २४ हजार, त्यांची तपासणी, शिवाय विषारी इंधनाची हाताळणी. वेळ कुठे जातो हे इतकं स्वच्छ दुसरीकडे कुठेच दिसत नाही.

२. मग स्पेसएक्सचं फाल्कन ९. त्याचा बूस्टर, म्हणजे खालचा टप्पा, समुद्रातल्या तराफ्यावर उतरला तर बंदरात यायलाच काही दिवस लागतात. पुढे क्रेन, पाय दुमडणं, आडवा करून हँगर. मार्च २०२५ मध्ये एक बूस्टर ९ दिवसांत पुन्हा उडाला. तो कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्ग उड्डाणतळावर जमिनीवरच परतला होता, हे लक्षात घ्या.

नवखे दोन ठिकाणी हमखास चुकतात. बूस्टरच्या दिवसांचा आकडा अख्ख्या रॉकेटचा धरतात. फाल्कनचा वरचा टप्पा दरवेळी नवाच असतो. आणि लाँचपॅड विसरतात. त्यालाही पुढच्या उड्डाणासाठी सज्ज करावं लागतं.

इंजिनातली काजळी, इंधन मिथेन की केरोसीन, हे सगळं नंतर. आधी एकाच बूस्टरची उड्डाणं तारखांसकट वहीत मांडा आणि शंका बिनधास्त विचारा.