मॉरिशसच्या सुट्टीत गोल्फसाठी कोणती मैदाने निवडावीत?

जुलैत कोल्हापूरहून सहकुटुंब जाताना सहा दिवसांत आपल्याला दोनच फेऱ्या जमणार असतील, तर पहिली बेल ऑम्ब्र येथील हेरिटेज क्लबच्या ल शातो मैदानावर आणि दुसरी पूर्व किनाऱ्याजवळील ईल ओ सर्फ बेटावर खेळावी. हा क्रम उलटा करू नये. दोन्हीकडे मी स्वतः खेळलो आहे. ल शातोचे फेअरवे (टीपासून होलच्या दिशेने जाणारे कापलेल्या गवताचे पट्टे) रुंद असल्याने थोडा वाकडा गेलेला चेंडूही बहुधा सापडतो आणि प्रवासानंतर हात पुन्हा बसतो. बर्नहार्ड लँगर यांनी आखलेले ईल ओ सर्फचे 18 होलचे मैदान होडीनेच गाठावे लागते. तेथे टी (पहिला फटका मारण्याची जागा) आणि फेअरवे यांच्यामध्ये वारंवार खारफुटी व समुद्राचे पाणी आडवे येते. चेंडू उथळ, नितळ पाण्यात तळाशी स्पष्ट दिसतो, पण हाती लागत नाही, म्हणून डझनभर जादा चेंडू अवश्य न्यावेत. मात्र पंचगंगेला पूर येतो त्याच दिवसांत तेथे हिवाळा असला, तरी पूर्व किनाऱ्यावर आग्नेयेचे वारे जोरात वाहतात. त्यामुळे सकाळची पहिली वेळ मिळत नसेल, तर दुसरी फेरीही ल शातोवरच खेळलेली बरी.