दहावीनंतर आयटीआय की डिप्लोमा? आधी विचारा, परीक्षा कोण घेतं

प्रश्न : मुलाला दहावीत ६१ टक्के पडलेत. आम्ही कळव्याला राहतो. खारेगावचं गव्हर्नमेंट पॉलिटेक्निक जवळच आहे आणि वागळे इस्टेटला आयटीआय आहे. मिस्टरांचं म्हणणं डिप्लोमाच करायचा, पण मुलाला वायरिंगचं कामच आवडतं, सोसायटीत काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियन काकांच्या मागेमागे असतो. त्यात इथल्या एका प्रायव्हेट क्लासवाल्याने सांगितलं की आमच्याकडे सहा महिन्यांत आयटीआयचाच कोर्स होतो, गव्हर्नमेंट मान्यता आहे. हे सगळं नक्की चालवतं कोण? सरकार एकच ना, मग फॉर्म दोन आणि वेबसाइट दोन का? — एक आई, कळवा

उत्तर : ताई, तुम्ही शेवटी विचारलंय ते खरं तर सगळ्यांनी सगळ्यात आधी विचारायला हवं. सरकार एकच, पण खाती दोन आहेत. आयटीआय येतात कौशल्य विकास खात्याकडे, त्यांचं संचालनालय म्हणजे व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय, फॉर्म भरताना जे डीव्हीईटी दिसतं ते. पॉलिटेक्निक येतात उच्च व तंत्र शिक्षण खात्याकडे, त्यांचे प्रवेश डीटीई, म्हणजे तंत्र शिक्षण संचालनालय करतं आणि परीक्षा घेतं एमएसबीटीई, म्हणजे वांद्र्याच्या खेरवाडीतलं तंत्र शिक्षण मंडळ. म्हणून फॉर्म दोन. दोन्ही भरा, एक भरला की दुसरा बाद होतो असं काही नाहीये आणि दोन्हीकडे एन्ट्रन्स नसते, दहावीच्या मार्कांवरच लिस्ट लागते.

आता महत्त्वाचा फरक. आयटीआयची इमारत, मशीनं, निदेशक म्हणजे शिकवणारे, प्रवेश हे राज्य बघतं, पण अभ्यासक्रम आणि सर्टिफिकेट केंद्राचं असतं. १९५० पासून ही क्राफ्ट्समन ट्रेनिंग स्कीम चालू आहे, शेवटी ट्रेडची, म्हणजे जे काम शिकलो त्याची, ऑल इंडिया ट्रेड टेस्ट होते आणि पास झालं की नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट मिळतं, ज्याला आपल्याकडे सगळे अजूनही एनसीव्हीटीचं, म्हणजे केंद्राच्या व्यवसाय प्रशिक्षण परिषदेचं सर्टिफिकेट म्हणतात. रेल्वेची, वीज कंपन्यांची जाहिरात उघडून बघा, वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) किंवा तारतंत्री (वायरमन) ट्रेड पास असं लिहिलेलं असतं ते यालाच धरून.

तर तो सहा महिनेवाला. इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचाच आहे, सहा महिन्यांत तो कुणीच देऊ शकत नाही. मान्यता आहे हे त्याचं म्हणणं खोटं असेलच असं नाही, कारण राज्याचं एक वेगळं मंडळ आहे, कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळ, ते छोटे सर्टिफिकेट कोर्स चालवतं आणि कामापुरते ते ठीकही असतात. पण ते आयटीआय नव्हे, आणि आयटीआय म्हणून पैसे मागणं ही सरळ फसवणूक आहे, याचा मला मनापासून राग येतो कारण जी घरं हप्त्याने फी भरतात तीच यात सापडतात. कुठल्याही प्रायव्हेट आयटीआयमध्ये गेलात तर संस्थेचा एनसीव्हीटीचा एमआयएस कोड, म्हणजे केंद्राच्या नोंदीतला नंबर मागा आणि तुम्हाला हवा त्याच ट्रेडला मान्यता आहे का ते दाखवायला सांगा, कारण मान्यता ट्रेडनुसार मिळते, फिटरची आहे म्हणजे इलेक्ट्रिशियनची आहेच असं नसतं.

मुलाचं म्हणाल तर मी त्याच्या बाजूने आहे. डिप्लोमा तीन वर्षांचा, पहिल्या वर्षी मॅथ्स आणि सायन्सचा चांगलाच भार, त्यात ज्याला हाताने काम करायचंय तो पोरगा तिथेच अडकतो आणि विषय राहत जातात. आयटीआयला दिवसाचा मोठा वेळ वर्कशॉपमध्ये जातो. आणि मिस्टरांना हे नक्की सांगा की दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पास झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, डिप्लोमा झाला की तसंच डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणजे आयटीआय घेतली की इंजिनिअरिंगचा दरवाजा बंद होतो हा समज चुकीचा आहे. फक्त या दोन वर्षांत मॅथ्स सोडू देऊ नका, दुसऱ्या वर्षाला बसल्यावर सगळ्यात जास्त तेच जड जातं.

ट्रेड झाल्यावर एक वर्ष अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत उमेदवारी करायलाच लावा. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली ज्या आस्थापनेत ३० किंवा जास्त माणसं आहेत तिला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. घणसोली, रबाळे, महापेचा अख्खा एमआयडीसी पट्टा तुमच्या दारात आहे. स्टायपेंड मिळतो तो वेगळा, पण खरी कमाई म्हणजे चालू पॅनलवर काम करायची सवय. पुढे स्वतःची कामं घ्यायची असतील तर वीज निरीक्षक खात्याच्या अनुज्ञापक मंडळाचा परवाना लागतो, तो काढताना हेच सर्टिफिकेट कामाला येतं. सोसायटीतल्या काकांना विचारा त्यांच्याकडे आहे का, मुलालाही कळेल की नुसतं काम येणं आणि परवाना असणं यात किती फरक पडतो.

आयटीआयचा फॉर्म भरताना एक जपा. पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचा ऑप्शन लागला तर तो घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून सायबर कॅफेवाल्याला ऑप्शन टाकायला देऊ नका. वागळेबरोबर मुलुंड, अंबरनाथसुद्धा टाका, पण पहिल्या नंबरवर तेच टाका जे मिळालं तर खरंच घ्याल. आणि आयएमसी, म्हणजे संस्थेच्या व्यवस्थापन समितीच्या कोट्याची सीट दिसली तर तिची फी जास्त असते हे माहीत असू द्या.

प्रश्न : गणितात नापास झालो. घरचे म्हणतात आता कंपनीत हेल्पर म्हणून लाग. आयटीआय मिळेल का? — तुर्भे

उत्तर : मिळेल. वायरमन म्हणजे तारतंत्री, वेल्डर असे काही ट्रेड आठवी पासवर आहेत, त्यात दहावी नापासलाही अर्ज करता येतो. वेल्डर एक वर्षाचा, वायरमन दोन वर्षांचा. हेल्परचं काम उद्याही मिळेल, परवाही मिळेल, त्याची घाई नको. पण पुरवणी परीक्षेचा फॉर्म आजच भर, गणित सुटलं की इलेक्ट्रिशियन, फिटर सगळेच उघडतात. कुणाची मदत नसेल तर आयटीआयमध्ये जाऊन फॉर्म भर, प्रवेशाच्या दिवसांत तिथे मदत कक्ष असतो, कागदपत्रंही तिथेच तपासून देतात.

प्रश्न : मुलीला ७८ टक्के आहेत, ऐरोलीत राहतो. तिला केमिकल प्लांटचा एओसीपी (अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट) ट्रेड घ्यायचाय, नातेवाईक म्हणतात एवढे मार्क असून मुलीला आयटीआयला घालता? ज्युनिअर कॉलेजवाले बायफोकल घ्या म्हणतात. काय करू? — एक वडील

उत्तर : दादा, तिने स्वतःहून एओसीपी म्हटलंय यावरूनच कळतं की तिने आजूबाजूला नीट बघितलंय. ठाणे-बेलापूर रोडवर केमिकलचे कारखाने दशकानुदशकं आहेत आणि प्लांट चालवणारा शिकलेला माणूस त्यांना लागतोच. सरकारी आयटीआयमध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात, तरी असल्या ट्रेडना मुली कमी येतात, म्हणजे तिला संधी चांगली आहे. नातेवाईकांना ७८ टक्के वाया गेल्यासारखे वाटतात, पण चांगले मार्क असलेल्या पोरी या ट्रेडना आल्या तर ट्रेडचंच भलं होईल असं मला वाटतं.

बायफोकल वाईट नाही, फक्त ते वेगळं आहे. अकरावी-बारावी सायन्सलाच २०० मार्कांचा इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्ससारखा विषय मिळतो, त्याबदल्यात दुसरी भाषा आणि एक विषय जातो, बहुतेक मुलं बायोलॉजी सोडतात. बारावीनंतर इंजिनिअरिंगची डिग्रीच करायची असेल तर घ्यावं, पण नुसत्या बायफोकलवर प्लांटमध्ये नोकरी लागत नाही. पुढे केमिकल इंजिनिअरिंगचा विचार असेल तर तिसरा रस्ता आहे, केमिकलचा डिप्लोमा, तिच्या मार्कांना तोही विचारात घ्या.

ठरवण्याआधी तिला घेऊन एकदा आयटीआयमध्ये जाऊन या, वर्कशॉप चालू असेल अशा वेळी. एओसीपीच्या निदेशकांना भेटा आणि गेल्या बॅचच्या मुली कुठल्या कंपनीत अप्रेंटिस लागल्या ते विचारा. मुलींसाठी चेंजिंग रूम, टॉयलेट नीट आहे का तेही बघा, ते विचारायला लाजू नका. आणि बोलायचं काम तुम्ही नाही, तिलाच करू द्या.