वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतील निकाल आणि आपला गर्भपाताचा कायदा

प्रश्न : अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा देशव्यापी अधिकार काढून घेतल्यापासून तेथे राज्याराज्यांत वेगवेगळे नियम झाले आहेत, असे वाचनात येते. आपल्याकडेही एखाद्या निकालाने असे होऊ शकते का? दुसरे म्हणजे, माझ्या विवाहित भाचीला अलीकडेच एका खासगी रुग्णालयाने ‘आधी नवऱ्याची सही आणा’ असे सांगून परत पाठवले. कायद्यात तशी अट आहे का?
– एक वाचक भगिनी, अंबाजोगाई, जि. बीड

उत्तर : अमेरिकेत हा अधिकार संसदेने कधी दिलाच नव्हता. 22 जानेवारी 1973 रोजी ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेतील स्वातंत्र्याच्या हमीतून तो काढला, आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षे तो त्या निकालाच्याच आधारावर उभा राहिला. मिसिसिपी राज्याने पंधरा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर घातलेल्या बंदीचा वाद वर गेला, तेव्हा 24 जून 2022 रोजी ‘डॉब्स’ खटल्यात पाच न्यायमूर्तींनी तो आधारच काढून घेतला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी मिसिसिपीचा कायदा वैध ठरवला, मात्र ‘रो’ मोडीत काढण्यास त्यांची संमती नव्हती. या निकालाने देशभर बंदी आली नाही, विषय राज्यांकडे गेला. पण तेरा राज्यांनी असा निकाल येताच लागू होतील असे कायदे आधीच करून ठेवले होते. टेक्सासमध्ये आता डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. आईचा जीव वाचवण्यासाठी सवलत आहे, परंतु जीव नेमका किती धोक्यात आला म्हणजे सवलत लागू होते, हे रुग्णाच्या खाटेजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरला कायदा स्पष्टपणे सांगत नाही, त्यामुळे उपचाराआधी वकिलाला विचारण्याची पाळी येते.

राजकीय परिणाम मात्र पुष्कळांच्या अंदाजाबाहेरचे निघाले. कॅन्सससारख्या परंपरेने रिपब्लिकन राज्यात ऑगस्ट 2022 मध्ये त्या राज्याच्या स्वतःच्या घटनेतील हा अधिकार काढण्याचा प्रस्ताव मतदारांनी सुमारे 59 टक्के मतांनी फेटाळला. नोव्हेंबर 2024 मध्ये दहा राज्यांत सार्वमत झाले व सात ठिकाणी अधिकाराच्या बाजूने कौल मिळाला. फ्लोरिडात 57 टक्के मते पडूनही तेथील 60 टक्क्यांच्या अटीमुळे प्रस्ताव पडला. मिसुरीच्या मतदारांनी तर त्याच दिवशी गर्भपाताचा अधिकारही मंजूर केला आणि ट्रम्प यांनाही निवडून दिले. स्त्रियांचा हा प्रश्न आणि पक्षाची निष्ठा यांची लोक गल्लत करत नाहीत, हे आपल्या राजकारण्यांनीही ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे पाया वेगळा आहे. शांतिलाल शहा समितीच्या शिफारशींवरून संसदेने 1971 मध्ये वैद्यकीय गर्भपात कायदा केला, म्हणून न्यायालयाच्या एका निकालाने तो अमेरिकेसारखा नाहीसा होणार नाही. राज्यांनाही मनमानी करता येत नाही, कारण केंद्रीय कायद्याशी विसंगत फौजदारी तरतूद टिकवायची तर राष्ट्रपतींची संमती लागते. संसद कायदा बदलू शकते हे खरे. परंतु सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये मातृत्वाबाबतची निवड अनुच्छेद 21 मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानली, आणि 29 सप्टेंबर 2022 रोजी अविवाहित स्त्रियांनाही 24 आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीचा लाभ दिला.

तरीही निर्धास्त राहण्यासारखी स्थिती नाही. मूळ कायदा स्त्रीच्या हक्कासाठी कमी आणि डॉक्टरला दंडसंहितेपासून संरक्षण देण्यासाठी अधिक लिहिला गेला. आजही वीस आठवड्यांपर्यंत एका आणि त्यापुढे 24 आठवड्यांपर्यंत, तेही ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी, दोन डॉक्टरांचे मत लागते. नुसती स्त्रीची इच्छा पुरत नाही. कायद्याबाहेरचा गर्भपात भारतीय न्याय संहितेच्या कलम 88 खाली गुन्हा असून त्यात खुद्द स्त्रीही आरोपी होऊ शकते. अमेरिकेतल्या बहुतेक बंदी-कायद्यांनी निदान गर्भवतीला शिक्षेतून वगळले आहे.

आता सहीबद्दल. अशी कोणतीही अट नाही. वैद्यकीय गर्भपात कायद्याच्या कलम 3 नुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. ‘फॉर्म सी’ या संमतिपत्रावर तिचीच सही होते. पालकाची लेखी संमती लागते ती केवळ अठरा वर्षांखालील मुलीसाठी किंवा मानसिक आजार असलेल्या स्त्रीसाठी. तिची ओळख उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

मग रुग्णालये सही का मागतात? उद्या घरच्यांनी गोंधळ घातला तर कागद हाताशी असावा म्हणून. बीड जिल्ह्यात याला आणखी एक कारण आहे. 2011 च्या जनगणनेत येथे शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे अवघ्या 807 मुली होत्या, आणि त्यानंतर लिंगनिदानाविरुद्ध झालेल्या कडक कारवाया आवश्यकच होत्या. पण लिंगनिदानबंदीचा 1994 चा कायदा वेगळा आणि गर्भपाताचा कायदा वेगळा. दोहोंची सरमिसळ करून डॉक्टर भीतीपोटी दार लावून घेतात आणि बाई मेडिकलमधून गोळ्या आणून घरीच रक्तस्राव सोसते, हे कोणत्याच कायद्याला अभिप्रेत नाही.

आपल्या भाचीने सोनोग्राफीचा अहवाल, म्हणजे त्यावरील आठवड्यांची नोंद, आणि वयाचा पुरावा घेऊन थेट अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील स्त्रीरोग विभागात जावे. शासकीय रुग्णालयाला यासाठी वेगळी मान्यता लागत नाही. तेथेही नकार मिळाला, तर तो लेखी मागावा. मुदत चोवीस आठवड्यांपुढे गेली असेल आणि स्त्रीचा जीव वाचवण्याची तातडी नसेल, तर गर्भातील गंभीर व्यंगासाठी वैद्यकीय मंडळ, आणि अन्य कारणांसाठी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे याचिका, एवढेच मार्ग उरतात, आणि तेथे प्रत्येक दिवस मोजला जातो.