चार महिन्यांचं लॅब्रॅडॉर पिल्लू चावतं आणि अंगावर उड्या मारतं, काय करावं?

साधारण ४ ते ६ महिन्यांत दुधाचे दात पडून कायमचे येतात. हिरड्या शिवशिवतात, मग समोर येईल ते तोंडात. हात चावला तर मारू नका, झटक्यात ओढूनही घेऊ नका, त्याला तो खेळच वाटतो. हात सैल सोडा, खेळ तिथेच थांबवा आणि चावायला रबरी खेळणं द्या. संध्याकाळी पिसाळल्यासारखं सगळ्यांना चावत सुटलं, तर बहुतेक वेळा त्याला झोप हवी असते. शांत कोपऱ्यात नेऊन ठेवा, थोड्या वेळात आडवं होतं.

उड्यांची सवय लावतो आपणच. १५ किलोचं पिल्लू अंगावर आलं की सगळे लाड करतात. तेच ३० किलोचं झालं की आजी पडते! उडी मारली की पाठ फिरवा, बघूही नका. चारही पाय जमिनीवर टेकले की त्याच क्षणी खाऊ. घरातल्या एकाने जरी गुपचूप लाड केले तरी सगळं मुसळ केरात.

दमवायचं म्हणून सायकलमागे पळवू नका. मोठ्या जातीत हाडांची वाढ पूर्ण व्हायला १२ ते १८ महिने लागतात, ग्रेट डेनसारख्यांना त्याहून जास्त. आणि कुणी सांगितलं म्हणून कॅल्शियमही सुरू करू नका. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीच्या तयार खाण्यात ते मोजून घातलेलं असतं, वरून दिलं तर सांगाड्याची वाढ बिघडू शकते.