भरकटलेल्या पक्ष्याचा फोटो काढताना

प्रिय दोस्ता,

नेहमीच्या मुलखाबाहेर आलेला पक्षी दिसला तर कोणती लेन्स घेऊन धावावं, असं तू विचारलंस. हाताशी असेल ती! पहिला फोटो उभं आहेस तिथूनच काढ, मग तो कितीही लहान, कितीही धूसर येवो. दहा पावलं पुढं जाऊन बरा फोटो घेऊ म्हणेपर्यंत पक्षी उडून जातो आणि नोंदीला आधार म्हणून हाती काहीच उरत नाही.

डोळ्यावर नेमका फोकस आणि मागं मऊ हिरवा पडदा, हा हट्ट ओळखीच्या पक्ष्यांसाठी ठेव. पाहुण्याची ओळख बहुतेक वेळा आपण फ्रेममध्ये घेतच नाही अशा जागी असते: पंखाची खालची बाजू, शेपटीचं मूळ, पायांचा रंग, मिटलेल्या पंखातल्या लांब पिसांची टोकं किती बाहेर येतात ते. पाणलाव्यांचंच बघ, म्हणजे लांब चोचीच्या, चिखलात वावरणाऱ्या स्नाइप पक्ष्यांचं. साधा पाणलावा आणि पिनटेल स्नाइप चिखलात शेजारी बसले तर भलेभले गोंधळतात. साध्याच्या शेपटीत सहसा १४ पिसं असतात, पिनटेलच्या शेपटीत जवळपास दुप्पट, आणि कडेची तर सुईसारखी बारीक. पण बसलेल्या पक्ष्याची ती झाकलेली असतात. पिसं साफ करता करता तो अंग ताणतो, शेपटी पसरतो, तेव्हा क्षणभर दिसतात. म्हणून तो चोचीनं पिसं विंचरू लागला की कॅमेरा डोळ्यावरून हलवू नकोस, बर्स्टवर ठेव, म्हणजे बटण दाबून धरलं की सलग फोटो निघत राहतील.

अशा फोटोंचं मोल एका पक्ष्यावरून सांगतो. एप्रिल २०१८ मध्ये टेक्सासच्या साउथ पॅड्रे बेटावर ग्रेट ब्लॅक हॉक दिसला. हा मेक्सिकोपासून दक्षिणेकडे राहणारा शिकारी पक्षी. ऑगस्टमध्ये तसाच एक पार उत्तरेला, मेन राज्यात दिसला. दोन्हीकडच्या फोटोंतली पंखाखालची नक्षी ताडून पाहिली आणि पक्षी एकच असल्याचं कळलं. जानेवारी २०१९ मध्ये तो पोर्टलंडमधल्या बागेत हिमदंशानं पाय निकामी झालेल्या अवस्थेत सापडला. त्याला वाचवता आलं नाही.

त्याचा शेवट मुद्दाम सांगितला. आपल्याला ज्याचं अप्रूप वाटतं, तो पक्षी बरेचदा अडचणीत असतो. कुणी वादळानं फेकलेला असतो, कुणी पहिल्याच स्थलांतरात दिशा चुकलेलं कोवळं पोर. त्याला त्या घडीला खाणं आणि विसावा हवा असतो. तो खाणं टिपत असेल तर खुशाल बसून फोटो काढ. टिपणं थांबवून मान ताठ केली, अंग आवळलं, की तू जरा जास्तच जवळ गेलास असं समज आणि हळूच मागं सर. उडाला तर पाठलाग नको. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढणं तर मला मुळीच मान्य नाही, मग फोटो हुकला तरी चालेल.

पायांचा एक स्वच्छ फोटो मात्र जमला तर घेच. पायात कडं असेल, नखं तुटलेली किंवा शेपटी झिजलेली असेल तर पक्षी पिंजऱ्यातून सुटलेला असू शकतो. एवढ्यावरून निकाल लागत नाही, पण हा प्रश्न तुला हमखास विचारला जाईल. उन्हात पांढरी पिसं फोटोत नुसता पांढरा डाग होऊ नयेत म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा उजेड, थोडं खाली ठेव. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावलेलं असू दे. आणि रंग खुलवण्याच्या भानगडीत पडू नकोस, कारण दोन जवळच्या जातींमधला फरक कधीकधी पायाच्या तपकिरी-काळ्या छटेइतकाच असतो.

ठिकाण जाहीर करायची घाई करू नकोस. ती जागा गर्दी पेलेल का, जमीन कुणाची, पक्ष्याला आडोसा आहे का, हे आधी बघ. अनुभवी पक्षीनिरीक्षकांना मात्र त्याच दिवशी कळव. तारीख, वेळ, तो काय करत होता ते लिही आणि सगळे फोटो मूळ रॉ फाइलसकट (कॅमेऱ्यानं टिपलेल्या, काहीही न बदललेल्या) पाठव, तुला टाकाऊ वाटणारेसुद्धा.