औषधाचं दुकान भरवशाचं आहे हे गिऱ्हाइकाने कसं ओळखावं?

तुम्ही लिहिलंय की घराजवळ तीन मेडिकल आहेत, त्यातलं एक सरसकट २० टक्के सूट देतं, तर तिथला माल बरा असेल का आणि ते आपल्याला कळणार कसं. मी फार्मासिस्ट आहे, तालुक्याच्या गावी १७ वर्षं काउंटरला उभा आहे. माझंही दुकानच आहे, तेव्हा माझं म्हणणं पारखूनच घ्या.

आधी त्या २० टक्के सवलतीचं. सरकारने किंमत बांधून दिलेल्या औषधांवर दुकानदाराचं मार्जिन १६ टक्के धरलेलं असतं, तिथे २० सोडणं म्हणजे घरचे पैसे घालणं. पण ब्रँडेड जेनेरिकवर, म्हणजे पेटंट संपलेलं औषध कंपनी आपलं नाव देऊन विकते त्यावर, मार्जिन भरपूर असतं, घाऊक उचललं की स्कीमही मिळते, म्हणजे थोडा माल फुकट. म्हणून सूट दिसली की माल बनावट, असं धरू नका. बिल मिळतं का ते बघा. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना तपासणीत नापास झालेल्या औषधांची यादी दर महिन्याला काढते, तीही बॅच नंबरसकट. बिलावर बॅच असेल तरच त्या यादीचा तुम्हाला उपयोग.

दुसरं, स्ट्रिप कशी कापतात ते बघा. चार गोळ्या मागितल्या तर बॅच आणि एक्स्पायरी छापलेलं टोक दुकानात राहायला हवं, कारण उरलेल्या सहा गोळ्या पुढच्या कुणालातरी द्यायच्या असतात. मग तुमच्या चार गोळ्यांवर तारीख कुठली? पाकिटावर किंवा बिलावर. आमच्याकडे नवीन मुलगा आला की पहिला आठवडा मी त्याला कात्रीच शिकवतो. लोकांना हसू येतं.

इन्सुलिन घेत असाल तर फ्रिजकडे नजर टाका. आत २ ते ८ अंश हवं, म्हणजे थर्मामीटर हवा. दुधाची पिशवी आणि मालकाचा डबा त्यात असेल तर दार दिवसातून पन्नासदा उघडतं हे समजून घ्या. उन्हाळ्यात बर्फाची पिशवी मागा, पण मध्ये कागद असू द्या. गोठलेलं इन्सुलिन फुकट जातं, मग ते पुन्हा पातळ झालं तरी.

पण माझ्या मते खरी परीक्षा चिठ्ठी वाचण्यात आहे. एका आजींना सांधेवातासाठी मेथोट्रेक्सेट लिहून दिलं होतं. ही गोळी सांधेवातात आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड येतं, रक्तपेशी घटतात, माणूस जाऊ शकतो. दुकानातल्या मुलाने सवयीने पाकिटावर ‘रोज १’ लिहिलं. मी त्या वेळी जेवायला गेलो होतो. संध्याकाळी बिलं चाळताना लक्षात आलं आणि मोटारसायकल काढून त्यांच्या घरी गेलो. एकच गोळी पोटात गेली होती, तीही योग्य वारी. तेव्हापासून ही गोळी मीच देतो आणि पाकिटावर वार लिहितो: ‘फक्त सोमवारी’.

म्हणूनच कायद्याला चिठ्ठीवरचं औषध देताना नोंदणीकृत फार्मासिस्टची प्रत्यक्ष देखरेख लागते. भिंतीवर फ्रेम एकाची, काउंटरला दुसराच, हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित आहे. सर्टिफिकेट भाड्याने देतात. ‘फार्मासिस्ट कोण आहेत?’ असं सरळ विचारा, राग आला तर येऊ दे. चिठ्ठीवर दुकानाचं नाव आणि तारीख टाकायचाही नियम आहे. आम्ही शिक्का मारतो, म्हणजे एकाच चिठ्ठीवर झोपेच्या गोळ्या चार दुकानांतून उचलता येत नाहीत. आणि डॉक्टरने लिहिलेला ब्रँड न विचारता बदलून ‘सेम आहे’ म्हणणारा मला पटत नाही. शेड्यूल एच, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांची यादी, त्यातल्या औषधात ते नियमातही बसत नाही.

एसी, काचेची कपाटं, मोठा बोर्ड यावर फार जाऊ नका.

तिन्ही दुकानांत चिठ्ठीशिवाय सेफिक्झिम मागून बघा. हे शेड्यूल एच-१ मधलं, म्हणजे त्याहून कडक नियमांच्या यादीतलं, अँटिबायोटिक आहे. १ मार्च २०१४ पासून त्याच्या विक्रीची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते, रुग्ण आणि डॉक्टरच्या नावानिशी, आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपावं लागतं. जो नाही म्हणेल त्याच्याकडे खातं उघडा. जो लगेच काढून देईल त्याच्याकडून साबण, टूथपेस्ट घ्यायला हरकत नाही.