काळ्या पदकातला केसांचा पेड

प्रश्न : काका, आजीच्या पितळी डब्यात एक काळं, लांबट गोल पदक सापडलं. मागे काचेखाली तपकिरी केसांचा बारीक पेड आहे. कडेला इंग्रजीत 'इन मेमरी ऑफ' आणि १८७२ साल. पणजोबा रेल्वे लाइन्समधल्या एका साहेबाच्या बंगल्यावर खानसामा होते, तिथूनच ते आलं असावं. सासूबाई म्हणतात, मेलेल्याचे केस घरात नकोत, मोडीत दे नाहीतर पाण्यात सोड. काय करू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, यातलं काहीच करू नका. मी चाळीस वर्षं सराफी केली. मोडीत फक्त धातूचा भाव मिळतो, आणि अशा पदकात सोनं असतंच किती! इंग्लंडात १८५४ पासून नऊ कॅरेटलाही कायद्याने मान्यता मिळाली होती.

हा दुखवट्याचा दागिना आहे. १४ डिसेंबर १८६१ ला राणी व्हिक्टोरियाचा नवरा, अल्बर्ट, गेला. राणी तेव्हा बेचाळीस वर्षांची होती. १९०१ मध्ये स्वतः जाईपर्यंत तिने काळे कपडे सोडले नाहीत. तिचं बघून तिकडे काळ्या दागिन्यांना मोठी मागणी आली. त्यातला मानाचा काळा दगड म्हणजे 'जेट'. खरं तर तो दगड नव्हे, कोट्यवधी वर्षं गाडलं गेलेलं लाकूड. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबी गावात त्याचं कोरीवकाम चाले. ज्यांना ते परवडत नसे ते काळी काच नाहीतर कडक केलेलं रबर घेत.

तुमचं कुठलं, ते गालाला लावून बघा. काच गार आणि जड लागते. जेट हलकं असतं, गार लागत नाही. रबर उजेडात राहून मातकट तपकिरी पडतं. कसोटीवर मात्र घासू नका.

आता केस. आपल्याकडे विंचरताना गळालेला गुंतवळसुद्धा घरात ठेवत नाहीत, तेव्हा सासूबाईंना धसका बसणं साहजिक आहे. पण शरीर गेलं तरी केस वर्षानुवर्षं तसेच राहतात, म्हणून तिकडच्या बायका ते जपत. कारागीर दुसऱ्याच कुणाचे केस भरेल या भीतीने काहीजणी घरी बसून स्वतःच्या हाताने पेड घालत. तुमच्या पदकातला पेड कुणीतरी असाच रडत रडत घातला असेल. अशी वस्तू परक्याच्या हाती कुणी सहज देत नाही, पणजोबांवर त्या घराचा जीव असणार.

मला नेहमी वाटतं ते काळ्या रंगाचं. तिकडे नवरा गेला की बाई काळं घालायची. आपल्याकडे काळे मणी सौभाग्याचे, नवरा गेला की ते तोडायचे, कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ मध्ये ही प्रथा बंद करायचा ठराव केला तेव्हा मला फार बरं वाटलं. अकराव्या-बाराव्या दिवशी मंगळसूत्र मोडायला घेऊन येणारे दीर-सासरे मी गादीवरून पाहिलेत. जिचं ते, ती कधीच सोबत नसायची.

आणि मेलेल्या माणसाचं काही गळ्यात घालणं आपल्याला परकं नाही, हेही सासूबाईंना सांगा. माझी आजी दुजवराला दिलेली. तिच्या गळ्यात आजोबांच्या वारलेल्या पहिल्या बायकोचा टाक, म्हणजे तिच्या नावाची ठसवलेली प्रतिमा होती, चांदीची, अंगठ्याच्या नखाएवढी. नवं लुगडं आलं की आधी त्या टाकाला लावायची, 'बाई, तुमचं आधी' म्हणायची, मग नेसायची. आरंभी भीती असेल, पण म्हातारपणी ती त्या न पाहिलेल्या बाईशी बोलायची. आजी गेल्यावर वडिलांनी तो टाक आटवला नाही. अजून आमच्या कपाटात आहे.

पदक देवघरात नको, कपाटात मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवा. चिंचेच्या पाण्याने धुऊ नका, पॉलिशला देऊ नका. काचेआड पाणी गेलं की केस कुजतात. काच उघडायचा मोह तर मुळीच नको. आणि नाव वाचता आलं तर मला जरूर कळवा.